एक्केचाळीस, सत्तेचाळीस

हा सातच आहे... दिव्याखाली धरला, तिरका केला, चिंधीने पुसून पुन्हा पाहिला, तरी पिनियनच्या, म्हणजे लहान चाकाच्या, बुडाशी कोरलेला तो इंग्रजी आकडा सत्तेचाळीसच राहिला; आणि शेजारच्या मोठ्या चाकावर एक्केचाळीस. तळहातात मावेल एवढं ते दातेरी चाक, तेलाने गार झालेलं, आणि ती त्याच्याकडे अशी रागाने बघत होती की जणू सगळा दोष त्याचाच आहे.

चूक अण्णांची होती. तिच्या वडिलांनी काल संध्याकाळी स्वतःच्या हातांनी जोडलेला पाय तिने आज ते वर्कशॉपमध्ये यायच्या आत, चोरासारखा उघडला होता. 'पाय' म्हणजे बोटीचा मागचा भाग, स्टर्नड्राइव्ह — इंजिन आत, पंखा बाहेर पाण्याखाली, आणि मधल्या या वाकड्या पायातून इंजिनाची ताकद दोनदा काटकोनात वळते; दोन्ही वळणांवर सगळा भार घेतात ते हे दाते. चाकं कारखान्यातून जोडीनेच येतात, एकमेकांवर घासून, एकमेकांची सवय लावून, दोघांवर एकच आकडा कोरून. एका जोडीचं चाक दुसरीला लावायचं नाही. हे तिला आठव्या वर्षापासून ठाऊक होतं, आणि ज्यांनी सांगितलं त्यांनीच...

दंतवैद्यानेच हा घोळ घातला, असंही म्हणता आलं असतं. बोटीचा मालक दातांचा डॉक्टर. त्याने एकाच कारखान्याच्या दोन जोड्या मागवल्या, एक साधी आणि एक शर्यतीची, आणि दोन्ही आणून टेबलावर ठेवल्या — सांगा मिस्त्री, यातली मजबूत कुठली? दिसायला जुळ्या बहिणी. शर्यतीची सत्तेचाळीस, साधी एक्केचाळीस. ठरलं शर्यतीची लावायची. आणि अण्णांनी पिनियन सत्तेचाळीसचं उचललं, मोठं चाक एक्केचाळीसचं. वाचलं नाही त्यांनी. ते कधीच वाचत नाहीत.

ते नखाने बघतात. अंगठ्याचं नख कोरलेल्या आकड्यावरून फिरवायचं, अंगठ्याला कळतं. आठ वर्षांची होते मी, याच टेबलाशी खोक्यावर उभं करून त्यांनी माझे डोळे मिटायला लावले आणि हातात एक चाक दिलं — "बघ गं, किती?" मी म्हटलं सहा. "शाब्बास! आता डोळ्यांवर विसंबायचं नाही, डोळे फसवतात." केवढा अभिमान वाटला होता! शाळेत इतकी शाबासकी कधी मिळाली नाही, आणि मिळण्यासारखं शाळेत मी काही केलंही नाही म्हणा.

पण नख आकडा अंगठ्याला सांगणार, आणि अंगठाच बहिरा झाला असेल तर? हल्ली आई त्यांच्या शर्टाची बटणं लावते. रोज सकाळी दारात उभी राहून, वरपासून खालपर्यंत. तीन महिन्यांपूर्वी ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती हसली होती — वा, या वयात प्रेम उतू चाललंय! — आणि आई नुसतीच म्हणाली होती, "चल, लाग कामाला." त्यानंतर कधीतरी अण्णांनी गरम बेअरिंग उघड्या हातात धरलं आणि सोडलंच नाही. वास आला तेव्हा सोडलं. त्या दिवसापासून ती लवकर येऊ लागली. अण्णांच्या खणातून निळ्या रंगाचा डबा काढायचा, दात्यांवर रंग चोपडायचा, चाक फिरवून दाते कुठे टेकतात त्याचा ठसा बघायचा, पुसायचं, डबा परत जागेवर. अण्णांच्या मते रंग लावणं हे शिकाऊंचं काम; जाणत्याने हाताने फिरवावं आणि कान द्यावा. त्यांच्यामागून रंग लावलेला त्यांना कळला असता तर... देव जाणे. दोनदा बारीकसारीक सापडलं होतं, तिने गुपचूप सुधारलं होतं. आज ठसा दात्याच्या मधोमध यायच्या ऐवजी पार कडेला आला होता.

हे बारीकसारीक नव्हतं. भरधाव बोट लाटेवरून उडते, पंखा क्षणभर हवेत मोकळा भिरभिरतो, आणि पुन्हा पाण्यात शिरला की सगळा दणका दात्यांवर. असा कडेवर भार घेणारा दाता तिथे मोडतो. पाय जागच्या जागी अडकतो, बोट हिसका खाते, आणि आतल्यांचं काय होतं ते बोलायला नको. दंतवैद्य बायकोला शेजारी बसवून बोट हाकतो.

सांगायला हवं. 'अण्णा, तुमचा अंगठा...' इथपर्यंत वाक्य तयार होतं. पुढे काही केल्या सरकेना. आज लपवलं आणि उद्या मी तापाने पडले तर? आणि सांगितलं तर हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे? तिने चाकं बदलली. सत्तेचाळीसला सत्तेचाळीस. रंग लावला, ठसा मधोमध आला, आणि पाय बंद करताना लक्षात आलं की आज डबा तिने खणातून काढलाच नव्हता. तो टेबलावर होता, दिव्याशेजारी, झाकण सैल केलेलं. काल मीच विसरले वाटतं! तिने घाईघाईने तो खणात टाकला.

दहाला अण्णा आले, पाठोपाठ दंतवैद्य. पायाकडे बघून त्याने पुन्हा तेच काढलं — शर्यतीची जोडी जास्त टिकेल ना?

"मजबूत वेगळं, टिकाऊ वेगळं," अण्णा म्हणाले. "एक दणका सोसतं ते मजबूत. रोजचं घासणं सोसतं ते टिकाऊ. ही दणका सोसेल, पण चार हंगामांनी उघडून बघा. ती साधी हळूहळू झिजेल, आधी कुरकुर करून सांगेल, मग जाईल."

"आणि नुसतं कडक पोलाद घेतलं तर?"

"काचेसारखं तडकेल. कातडी कडक हवी, आत गाभा मऊ हवा. तुम्हाला दातांचं मी काय सांगायचं?"

दंतवैद्य खो खो हसला. "खरंय. बाहेरचं कठीण कवच एकदा गेलं की भरून येत नाही, मिस्त्री. माझ्या खुर्चीत या एकदा."

"येतो की. तुम्ही आधी बोट जपून चालवा."

पाय बोटीला चढला. दंतवैद्य बोट गाडीमागे लावायला बाहेर गेला, आणि अण्णा उरलेली साधी जोडी खोक्यात भरू लागले. मोठं चाक ठेवलं. पिनियन उचललं, अंगठा त्याच्या बुडाशी गेला, फिरला, थांबला... पुन्हा फिरला.

"बघ गं," ते म्हणाले, आणि पिनियन माझ्यापुढे धरलं. "किती?"

सूर तोच, खोक्यावर उभ्या केलेल्या पोरीला विचारायचा. आजवर हजारदा त्यांनी मला असं विचारलं असेल, पण माझी परीक्षा म्हणून. स्वतःला कळत नाही म्हणून एकदाही नाही. आज कुठलं होतं? त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मी सवयीने डोळे मिटले. नखाखाली चार; मग एक उभी रेघ, वर काही नाही.

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस," ते म्हणाले. कितीतरी वेळ कोंडलेला असावा असा श्वास त्यांनी सोडला, पिनियन मोठ्या चाकाशेजारी ठेवलं, खोकं मिटलं. "आणि तो रंगाचा डबा माझ्या खणात नको टाकूस. तुझ्याकडेच असू दे. रोज लागेल."

सकाळपासून घोकलेलं वाक्य तिच्या जिभेवर अजून होतंच. पण त्याची धार गेली होती, आणि ते कुणी आधी बोलायचं हेही तितकं महत्त्वाचं राहिलं नव्हतं. उद्या बोलू. किंवा परवा... अण्णांच्या शर्टाचं वरचं बटण सुटलं होतं. तिने हात चिंधीला पुसले, जवळ गेली आणि ते लावू लागली. त्यांनी हनुवटी वर केली आणि बाहेर बोटीकडे बघत राहिले.

"कॉलरला तेल लागेल गं," ते म्हणाले, पण हलले नाहीत.