पोलक्यातली मोहरीची पिशवी

मी एक पिशवी आहे. तळहाताएवढी, शिवणीला जराशी वाकडी. तुम्ही मला पाहिलं नसणार, कारण माझं आयुष्य अनुसयाबाईच्या पोलक्यात, डाव्या अंगाला गेलं.

दोन वर्षांमागं बाईला तिथं कॅन्सरची गाठ निघाली. पुण्याच्या दवाखान्यात ती बाजूच काढून टाकली. सलाइनी झाल्या, केस गेले, पुन्हा आले. दवाखान्यानं पोलक्यात घालायला स्पंजाचा गोळा दिला होता, पण तो पिसासारखा हलका. बाई झाडायला वाकली की गोळा गळ्याशी! मग तिनं जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा कापून मला शिवलं आणि आत मोहरी भरली. मोहरी जड, गुळगुळीत, शिवाय दृष्ट लागू देत नाही. मला तळव्यावर तोललं, दोन चिमट्या कमी केल्या आणि तोंड शिवून टाकलं.

दर सहा महिन्यांनी आम्ही पौडला सोनोग्राफीला जायचो. दुखणं परत तर येत नाही ना, ते बघायला. तिथं बाकावर सगळ्या पोटुशी बाया. एकदा एकीनं विचारलं, "मावशी, सुनेला घिऊन आलाय व्हय?"

"न्हाई गं, माझंच हाय."

ती पोरगी डोळे फाडून बाईच्या पोटाकडं बघतच राहिली.

आत गेल्यावर बाई मला काढून खुर्चीवर ठेवायची. डॉक्टर उत्कर्षाताई गार चिकट मलम लावून यंत्राची मूठ व्रणावरून, काखेतून, चांगल्या बाजूवरून फिरवायच्या. "ठीक आहे," म्हणायच्या. मग मी पुन्हा आत आणि आम्ही घरी.

यंदाच्या भातलावणीत मात्र वेगळं झालं. प्लास्टिकचा कागद पांघरला तरी पाणी मानेवरून आत येतंच. दिवसभर मी भिजायची आणि बाईच्या अंगाच्या उबेत राहायची. दुसरी पिशवी शिवायला सवड कुणाला? सकाळी ओलीच पोलक्यात.

चार-सहा दिवसांत व्रणापाशी लाली आली. आग होऊ लागली, कातडी फुगली. लाली दिसली, सूज दिसली की लगेच या, असं दवाखान्यात बजावलेलं बाईला तोंडपाठ होतं. म्हणूनच ती कुणाला बोलली नाही. माणसाची ही रीत मी पाहिलीय. ज्याची भीती फार, त्याचं नावच घ्यायचं नाही.

सुनेला, नम्रताला, तिनं एवढंच सांगितलं, "उद्यापास्नं म्हशीची धार तू काढ. तिला तुज्या हाताची सवय होऊंदे."

नम्रताला वाटलं, सासूबाईंना आता आळस आला. म्हशीनं दोनदा बादली लाथाडली. बाई गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती, पण पुढं झाली नाही.

शेवटी पकडलं ते थोरल्या जावेनं, साळूबाईनं. खाचरात दोघी शेजारी होत्या.

"अनुसये, आवण लावतीस का छाती धरून गाणं म्हणतीस?"

"काय न्हाई, आक्का."

"बांदावं चल. दाव."

पोलकं उघडून बघितलं आणि साळूबाईचं तोंड उतरलं. "कवापास्नं?"

बाई पोलकं झाकू लागली.

"ऊठ. पौडला."

"लावणी उरकूंदे की."

"आग लागली तुज्या लावणीला! ऊठ म्हणती न्हवं?"

चिखलाचे पाय तसेच घेऊन दोघी वडापच्या जीपमध्ये बसल्या.

पौडच्या दवाखान्यात बाईनं मला जावेच्या हातात दिलं. उत्कर्षाताईंची मूठ व्रणावर आली, थांबली, पुन्हा मागं गेली. काखेत बराच वेळ. बाईनं डोळे मिटून घेतले होते.

"बोला की ओ बाई," साळूबाई म्हणाली, "जीव टांगणीला लागलाय हितं."

"आत गाठ कुठंच दिसत नाही. वरची कातडी तेवढी सुजलीय, भाजल्यासारखी. काय लावलं होतं?"

"काय बी न्हाई."

साळूबाईनं मला नाकाशी नेलं. दातानं टाका तोडला. आतली मोहरी चेचली गेली होती, आणि उरलीला पांढरे मोड आले होते.

"अगं भवाने! छातीवर रान पेरलंस व्हय?"

उत्कर्षाताई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "ओली मोहरी कातडी जाळते. औषध देते. पण आठवड्यात उतरलं नाही तर परत यायचं. या वेळी मोहरी निघाली, आजी. दर वेळी मोहरीच असेल असं नाही."

बाई उठून बसली. मलम पुसायचं सोडून जावेच्या पदरात तोंड घालून रडली. बरं झालं असं दोघी म्हणत होत्या, आणि ती आणखीच रडत होती.

संध्याकाळी मला धुऊन दोरीवर टाकलं. कातडी बरी होईपर्यंत आत काही घालायचं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बाई एका बाजूनं सपाट अशीच खाचरात उतरली. बाया बघू लागल्या.

"बगा बाई, बगून घ्या एकदाचं," ती म्हणाली, "मग हात चालवा."

कातडी केव्हाच बरी झाली. म्हशीची धारही आता पुन्हा बाईच काढते. मी खुंटीवर रिकामी आहे. मला बोलावणं आलेलं नाही. राग नाही. बायांनो, माझ्यासारखीला हवं तर जवळ ठेवा, नको तर नको. पण अंगावर काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी कुणाला तरी दाखवा. मी अंगाला लागून होते, मला सगळं कळत होतं, पण मला तोंड नव्हतं.