टाचण्यांची ओळ

आई गेल्यानंतर चार महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की माझी मुलगी गाण्याच्या दुसऱ्या ओळीला तोंड मिटते.

ती चार वर्षांची आहे. जन्मली तेव्हा तिचं नाक शर्टाच्या बटणाएवढं होतं, म्हणून आजीने तिला बटण म्हणायला सुरुवात केली, आणि आता तिला घरात दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. त्या दिवशी ती जमिनीवर बसून आजीच्या डब्यातली बटणं रंगांप्रमाणे लावत होती आणि गात होती, "सरळ जा गं, वळून ये." मग ओठ घट्ट मिटून नुसतं नाकातून गुणगुणली. मग पुन्हा तोंड उघडून, "दोरा सरला, घरी ये."

मधली ओळ काय आहे, असं मी विचारलं. "तीच तर म्हटली," ती म्हणाली आणि निळ्या बटणांकडे वळली.

आई शिवणकाम करायची. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान होतं. शाळेचे गणवेश, पडदे, लांबीला कमी करायच्या पँटी. हे गाणं तिने मशीनवर बसल्या बसल्या जुळवलेलं. पहिल्या ओळीला ती कापड सरळ करून ठेवायची. दुसऱ्या ओळीला कडेची दुमड धरायला दोन्ही हात लागत, म्हणून टाचण्या ओठांत. तिसऱ्या ओळीपर्यंत टाचण्या कापडात गेलेल्या असत आणि तोंड मोकळं झालेलं असे. बटण तीन वर्षं मशीनशेजारी चिंध्यांच्या टोपलीत बसून हे ऐकत होती. तिच्या लेखी गाणं असंच असतं, मधे तोंड मिटायचं असतं.

काही झालं की मी पुस्तकांकडे जाते, तशी याही वेळी गेले. एका पुस्तकात लिहिलं होतं की लहान मुलं आधी शब्द उचलतात, मग चालीचा चढउतार, आणि नेमके सूर सगळ्यात शेवटी. आणि हे बहुतेक कोणी शिकवून नव्हे, गाणाऱ्याच्या जवळ राहून होतं. टाचण्यांबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

आईचा आवाज कुठेच रेकॉर्ड केलेला नाही. फोन पुढे केला की ती गप्प व्हायची. "फोटो काढ हवे तेवढे, आवाज काढू नकोस," म्हणायची. म्हणजे तिच्या गाण्याची एकच प्रत उरली होती, आणि ती प्रत चार वर्षांची होती आणि दर आठवड्याला बदलत होती. आधी "घरी ये" खाली उतरायचं, ते आता वर चढायला लागलं. एका शनिवारी "वळून ये"चं "पळून ये" झालं. बालवाडीतली गाणी त्यात शिरत होती. असंच चाललं तर वर्षभरात आईचं त्यात काय राहील, हे मला दिसत होतं.

मी फोन समोर धरून तिला गायला सांगितलं. तिने दात घासण्याचं बालवाडीतलं गाणं हातवाऱ्यांसकट संपूर्ण म्हटलं. आजीचं म्हण, म्हटल्यावर मान हलवली. आजी फोनला ऐकवत नाही, म्हणाली. नवरा म्हणाला, एवढं आहे तर तूच शिकून घे ना तिच्याकडून. त्याला ते सोपं वाटलं. त्याने मला लग्नापासून एकदाही गाताना ऐकलेलं नाही, आणि त्यामागे काही कारण असेल असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

मी सात वर्षांची असताना मशीनजवळ उभी राहून आईबरोबर गात होते. आईने मान वर न करता म्हटलं, "सूर राहू दे, तू सूत धर." दुकानात बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. मी सूत धरलं. त्यानंतर शाळेत प्रार्थनेला मी ओठ हलवायचे, वाढदिवसांना टाळ्या वाजवायचे. बटणाला झोपवताना मी गोष्टी वाचून दाखवते.

शेवटी मधल्या ओळीचे शब्द तरी मिळवावेत म्हणून मी बटणाला घेऊन दुकानात गेले. दुकान आता काजमावशी बघतात. त्या आईकडे काज-बटणाला लागल्या तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. हातात पँट होती, पायाची शिवण उसवत होत्या. मी विचारलं तशी त्यांनी कात्री न थांबवता गाणं म्हटलं, आणि दुसऱ्या ओळीला तोंड मिटून गुणगुणल्या.

मी म्हटलं, तुमच्या तोंडात कुठे टाचण्या होत्या?

"नव्हत्या. पण तिथे तोंड उघडावं असं कधी वाटलंच नाही."

शब्द होते का, हे त्यांनी एकदा आईला विचारलं होतं. टाचण्या काढल्या की सांगते, असं आई म्हणाली होती. आणि टाचण्या काढल्या की तिसरी ओळ यायची. मावशी हे सांगून हसल्या आणि मग पँटीकडे बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, तू म्हण की, शब्द काय, गुणगुणलं तरी चालतं. मी गात नाही म्हटलं. का, म्हणाल्या. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगून टाकलं. गिऱ्हाइकं हसली तेही.

त्यांनी कात्री खाली ठेवली.

"अगं, तिला नेढं दिसेनासं झालं होतं त्या वर्षी. चष्मा घ्यायला तयार नाही. गिऱ्हाईक म्हणेल, बाईची नजर गेली. सुईत दोरा कोण ओवायचं? तू. आणि तू गायला लागलीस की अख्खी हलायचीस. दोरा नेढ्यात जायच्या ऐवजी तुझ्या नाकात."

मी विचारलं, "म्हणजे मी बेसूर नव्हते?"

"होतीस की. सात वर्षांची होतीस. तुझी आई चाळिसाव्या वर्षी होती."

आईला गाता येत नव्हतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मावशींनी सांगितलं की आधी मशीन पायाचं होतं, तेव्हा आई गायचीच नाही. मग मोटर बसवली. ती एकदा चालू केली की शिवा न शिवा, तिची एकच घरघर दिवसभर. आई गाताना त्या आवाजाच्या आसपास भटकायला लागली. कधी वर, कधी खाली, भलतीकडेच. दोन-तीन महिन्यांनी एक दिवस नेमकी त्यावर जाऊन बसली.

"शिकवलं कोणी नाही. ऐकायला मी होते, आणि मला पळून जायला जागा नव्हती."

एकतीस वर्षं मी एका चष्म्याच्या जागी गप्प बसले होते. राग कोणावर धरावा हे कळेना. खुर्चीवर आईची उशी तशीच होती, मध्ये दबलेली.

मावशींनी मोटर चालू केली. बटण आपण होऊन टोपलीत जाऊन बसली, आता ती तिच्यात मावत नाही तरी. मी घरघरीच्या आवाजाजवळ, जमेल तेवढ्या खाली, "सरळ जा गं" म्हणून पाहिलं. माझा आवाज मला अनोळखी वाटला, फोनवर पलीकडून ऐकल्यासारखा. बटण गायला लागली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"तिथे नाही," ती म्हणाली. "इथे."

आणि तिने तिच्या जागेवरून, माझ्यापेक्षा बरंच वरून, सुरुवात केली. मी तिच्या मागून गेले. आवाज मधेच फाटला. मावशींनी पँट मशीनखाली घेतली. "पळून ये" आलं, आणि मी ते सुधारलं नाही; तिच्याबरोबर पळून ये म्हटलं. मग टोपलीतून उठून तिने माझ्या ओठांवर बोट ठेवलं.

"टाचण्या."

मी तोंड मिटलं. मिटलेल्या तोंडात आवाज वेगळा असतो. तो नाकाच्या हाडात लागतो, दातांत लागतो. काही क्षण तिचा कुठला आणि माझा कुठला, हे मला सांगता आलं नसतं. तेवढ्या एका ओळीपुरती मी काहीच शोधत नव्हते. मग मी तोंड उघडून "दोरा सरला" म्हटलं आणि एकटीच पडले.

बटणाचे ओठ अजून मिटलेले होते. तिने गुणगुणणं पूर्ण केलं, मगच बोलली.

"तू लवकर काढल्यास. परत."

मी पुन्हा "सरळ जा गं"वर गेले, या वेळी तिच्या जागेवरून.