माळ्यावरचे नमुने

आई म्हणाली, "नमुने माळ्यावर ठेवलेत, पण काही केल्या उघडत नाहीये," म्हणून मी स्टूल घेतलं.

जेवणं आटोपली होती. थोड्याच वेळात तिचा शिवणाचा वर्ग सुरू व्हायचा होता, आणि तोही पहिल्यांदाच कॉम्प्युटरवरून. बाबा गेले तेव्हा तिने वर्ग बंद केला होता. मग तिच्या जुन्या विद्यार्थिनींनी गळ घातली. कुणाला बाळ झालं होतं, कुणी दूर राहायला गेली होती. घरबसल्या शिकवा म्हणाल्या. आईने हो-नाही करत बाह्यांचे आणि कॉलरचे नमुने कागदावर काढले, ते स्कॅन करून घेतले. तेच सापडले नाहीत तर ती आज शिकवणार काय?

माळ्यावर पुढेच एक ट्रंक होती. झाकण गंजून बसलं होतं. मी स्क्रू-ड्रायव्हर फटीत घालून जोर लावत होते, तेवढ्यात आई दारात आली.

"तू वर काय करतेयस?"

"ट्रंक उघडतेय. तुझे नमुने."

"त्या ट्रंकेत रजया आहेत. अगं, कॉम्प्युटरच्या माळ्यावर म्हणतेय मी."

हे सगळं बाबांमुळे. बाबा पाट्या रंगवायचे. जन्मभर त्यांनी दुकानांवर दुसऱ्यांची नावं लिहिली. काम थांबल्यावर कॉम्प्युटर घेतला, तेव्हा त्यांना पहिली खटकली ती त्यातली नावं. ही नावं कुठल्या घरात असतात, म्हणाले, आणि एकेक बदलत सुटले. कागदपत्रं जिथे ठेवायची ते झालं 'कपाट'. फोटो 'भिंतीवर' गेले. इंटरनेट 'बाहेर'. कुणी फोन करून आई आहे का विचारलं की बाबा सांगत, "ती बाहेर गेलीये. बोलवा म्हणत असाल तर हाक मारतो, इथेच बसलीये."

नावांवर भागलं नाही. ते डावरे, म्हणून माउस डाव्या हाताला आणि त्याची बटणं उलटी. चष्मा शोधायचा कंटाळा, म्हणून पडद्यावरचा बाण बोटाएवढा जाड. खालची पट्टी घड्याळासकट वर नेलेली, कारण घड्याळ कुणी पायाशी टांगत नाही.

ते गेल्यापासून मी यातलं काहीही बदलू दिलं नव्हतं. आई माउस उजवीकडे घ्यायची, मी येता-जाता तो परत डावीकडे ठेवायचे.

"मी उजव्या हाताने कात्री धरते गं," ती म्हणायची.

"असू दे ना. आहे तसं राहू दे." माझं ते पालुपदच झालं होतं.

स्टूल ठेवून मी कॉम्प्युटरपुढे बसले. आईने बोट दाखवलं तिथे 'माळा' होता, आत तिचे नमुने होते, आणि ते खरोखरच उघडत नव्हते. कारण कळायला मला जरा वेळ लागला.

"आई, हा कचऱ्याचा डबा आहे."

"पाटीवर माळा लिहिलंय."

"बाबांनी लिहिलंय ते."

"मग? लोकांच्या पाट्या एवढ्या बरोबर लिहिल्या, आणि घरच्या डब्यावर चूक?"

"त्यांच्या मते माळ्यावर गेलेली वस्तू पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही."

"त्यांच्या मते. मी वस्तू माळ्यावर ठेवते ती नीट राहावी म्हणून." ती खुर्ची ओढून शेजारी बसली. "आता डब्यातलं गेलं का सगळं?"

"डबा रिकामा केला असता तर गेलं असतं. परवा सूचना आली होती, जागा कमी पडतेय, रिकामा करा म्हणून. मी केला नाही."

"का?"

"बाबांनी टाकलेलं काही असेल."

आई हसली. "काय टाकलंय बघू तरी."

तिच्या नमुन्यांखाली रंग होते. कॉम्प्युटरच्या पडद्याला मागचा रंग म्हणून बाबांनी तयार केलेले आणि मग टाकून दिलेले. हिरवा, विटकरी, पिवळा, आणखी एक पिवळा. मी खाली खाली जात राहिले तरी ते संपेनात.

"हा आठवतो मला," आई म्हणाली. "सकाळी लावला आणि चहा होईपर्यंत डोळ्यांना टोचायला लागला. हा जांभळा तर पाहुणे येणार म्हणून काढला." तिने बोट पडद्यावरच्या निळ्याकडे वळवलं, जो इतके महिने मी जपला होता. "तू सारखं आहे तसं, आहे तसं म्हणतेस. यांचं कधी काही आहे तसं असायचं का? हा निळा काही आवडीचा म्हणून राहिला नाही. पुढचा लावायच्या आत..."

तिने निळ्यावरचं बोट काढून घेतलं.

मग मी नमुने डब्यातून काढून कपाटात ठेवले. माउसची बटणं सरळ केली, आणि माझाच हात चुकला. मला उलट्या बटणांची सवय झाली होती.

"सरक," आई म्हणाली. माउस उजवीकडे घेऊन तिने बाही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "आता कसं माणसासारखं चालतंय."

"बाण बारीक करू?"

"नको. तो बरा आहे, लांबच्यांना दिसेल. ती माळ्याची पाटी मात्र बदल."

"काय लिहू?"

"उकिरडा. म्हणजे कुणी काही ठेवायला जाणार नाही."

मी तसं लिहिलं.

वर्ग सुरू झाला. "बाई, तुमचा नुसता कान दिसतोय," कुणीतरी म्हणालं. आई सरळ बसली. कुणाच्या मांडीवर बाळ रडत होतं, तर ती म्हणाली, रडू दे, बाही लावताना तूही रडणार आहेस. मग तिने नमुना उघडला, आणि तो जाड बाण बाही खांद्याला जोडतात त्या मुंढ्याच्या गोलाईवरून सावकाश फिरू लागला. कुठे कापड ढिलं सोडायचं, कुठे ओढायचं. मी दाराशी उभी राहून अर्धा तास ऐकलं. तिचा आवाज असा मोकळा मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

सगळ्या गेल्यावरही ती उठली नाही. मी चहा घेऊन आले, तर पडदा केशरी झाला होता.

"उकिरड्यातून काढला," ती म्हणाली. "कसा आहे?"

"भडक आहे."

तिने मान तिरकी करून पाहिलं. कापड निवडतानाही ती असंच बघते.

"आहे थोडा," ती म्हणाली. "उद्या बदलू."