शिंप्याच्या घरची मलमाची ट्यूब

मी एक जुनी, पार चपटी झालेली मलमाची ट्यूब आहे. मित्रांनो, कीव करू नका, आधी ऐका.

कारखान्यात माझं पोट भरलं, शेपटी दुमडली, टोपण बसवलं. मग मी एका शिंपीकाकांच्या घरी आले. काकांना कर्करोग होता. त्यावर सलाईनमधून इम्युनोथेरपीचं औषध चालू होतं. त्या औषधानं अंगातली रोगाशी लढणारी फौज कर्करोगावर तुटून पडते. पण जोशात कधी आपल्याच कातडीवरही चाल करते. काकांच्या हातांवर, पाठीवर लाल पुरळ उठलं, खाज सुटली. म्हणून डॉक्टरांनी मला नेमलं.

काका चिंधीतूनही खिसा काढणारे. त्यांनी मला कपाटात रेशमी रिळांशेजारी मानानं ठेवलं आणि मोहरीएवढं मलम अख्ख्या हाताला पुरवायला लागले. जालीम औषध आहे, बेतानं वापरावं, असं वर काकूंनाही बजावलं. बडदास्त माझी आणि खाज त्यांची! पुरळ वाढलं. पुढच्या सलाईनला ते भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून निघाले. पुरळ दिसलं तर उपचार थांबतील, ही धास्ती.

सिस्टरनी बाही वर करायला लावलीच. डॉक्टरांनी हात पाहिले आणि सलाईन आठवडाभर पुढे ढकलली. काकांचा चेहरा उतरला. तेव्हा काकूंनी पर्समधून मला काढून टेबलावर ठेवलं.

"काका, ही तर माहेरपणाला आल्यासारखी गुबगुबीत दिसते," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी काकांच्या बोटाच्या पेरावर मलमाची रेघ ओढली. "एवढ्यात दोन पंजांएवढं अंग झाकतं. गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला कापड कमी घेता का कधी?"

"कमी घेतलं तर गिऱ्हाईक पुन्हा दारात येईल का?" काका म्हणाले.

"मग स्वतःलाच का तोकडं?"

काका पहिल्यांदाच हसले. माप म्हटल्यावर त्यांना सगळं कळतं. त्या दिवसापासून पेर मोजून मलम, पाठीला काकूंचा हात. पुरळ ओसरलं, सलाईन मिळाली. शेवटचा थेंब त्यांनी लाकडी पट्टीनं दाबून काढला. काटकसर ती, जाते कुठे?

मित्रांनो, इतर वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. माझं उलट आहे. डॉक्टर सांगतील तेवढं औषध लावा, आणि अंगावर काही उठलं तर बाही खाली ओढू नका.

आता मी चिंध्यांच्या टोपलीत मजेत आहे. माझ्याखाली त्याच सदऱ्याच्या कापलेल्या बाह्या आहेत. काका त्यातूनही खिसे काढणार, पैज लावते.