जखमांचा तक्ता

आमच्या दादाला खोटं चालत नाही. तो पाणीपुरवठ्यात इंजिनियर आहे, दिवसभर पाइपांचे व्यास आणि पाण्याचा दाब यांच्याशी त्याची गाठ, आणि रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून तो आम्हाला राक्षसांच्या राज्यात नेतो तेव्हाही ती सवय सुटत नाही. फाशांचा खेळ आहे आमचा. आम्ही तिघं एकेक पात्र घेऊन खेळतो: वहिनी जादूगारीण, दादाचा कॉलेजपासूनचा मित्र चोर, आणि मी तलवारवाली. दादा सूत्रधार. गोष्ट तो सांगतो, राक्षसही त्याचेच, आणि वार लागला की हुकला याचा निकाल वीस बाजूंचा फासा देतो: जितका मोठा आकडा तितका जोरदार वार.

छापील नियमांप्रमाणे प्रत्येक पात्राला ठरावीक जीव असतात. घाव बसला की पाच-सात कमी होतात, रात्रभर झोप काढली की सगळे परत. कड्यावरून पडलेला माणूस सकाळी शीळ घालत चालू लागतो. हे वाचून दादाच्या कपाळावर जी आठी पडली ती गेलीच नाही, आणि शेवटी त्याने स्वतःच जखमांचा तक्ता बनवला. जोरदार घाव बसला की सहा बाजूंचा फासा टाकायचा. सहा आला तर नुसतं खरचटलं, मधल्या आकड्यांना मुरगळ, मोड किंवा ताप, आणि एक आला की तो अवयव कायमचा गेला.

दादाचा मित्र यावर दर रविवारी भांडायचा. तो दातांचा डॉक्टर, पण बोलता बोलता पुस्तकातला नियम काढून नाकासमोर धरायची खोड, म्हणून आम्ही त्याला वकील म्हणतो. उडणारा ड्रॅगन चालतो आणि बरा झालेला गुडघा चालत नाही, हा कुठला न्याय, असं तो विचारायचा. दादा म्हणायचा, ड्रॅगन मी पाहिलेला नाही, गुडघा पाहिलाय. मी अर्थातच दादाच्या बाजूची. ज्या लढाईत काही गमावायचंच नाही ती लढाई कसली, असं मी वकिलाला तोंडावर सांगायची आणि वर त्याच्याच ताटलीतलं बिस्किट उचलायची.

मग एक दिवस दुकानात मोठ्या आरशाची काच माझ्या हातून निसटली आणि जाताना उजवं मनगट कापून गेली. माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. काच कापायची हिरकणी ज्या हातात धरायची तोच हात. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, बोटं वाकू लागली, पण पकड काही येईना. डॉक्टर म्हणायचे, बघू. व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणायची, छान चाललंय. वहिनी म्हणायची, होईल गं सगळं नीट. हात किती परत येईल एवढंच मला हवं होतं, आणि तेवढं सोडून सगळे सगळं सांगत होते. याचा मला जितका राग आला तितका त्या काचेचाही आला नाही.

मी पुन्हा खेळायला गेले त्या रविवारी दादाने आल्या आल्या जाहीर केलं की तक्ता रद्द, यापुढे पुस्तकाप्रमाणे. खेळ फार रेंगाळतो म्हणे. वकिलाने खरं तर टेबलावर चढून नाचायला हवं होतं. तो चहात बघत बसला. पाणी कुठे मुरतंय ते मला तिथेच कळलं.

तरी मी गप्प राहिले. पुलावर राक्षस आला. मी सर्वांत पुढे, तलवार उपसून, आणि तो माझ्या शेजारून वाट काढून मागे लपलेल्या चोराला बडवायला गेला. पुन्हा माझ्याकडे वळला तेव्हा दादाने पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकला आणि म्हणाला, हुकला. पुढच्या वेळीही हुकला. घरात मला तळहाताच्या फोडासारखं जपत होते ते मी सोसत होते, पण राक्षसानेही जपायला लागावं म्हणजे हद्द झाली. मी डाव्या हाताने पुठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला.

"तक्ता काढ, दादा. आणि फासा सगळ्यांसमोर टाक."

"अगं, खेळच आहे," वहिनी म्हणाली.

"म्हणूनच काढ म्हणते. खऱ्यात मला कोणी आकडा सांगत नाही. खऱ्यात नुसतं 'बघू' असतं. इथे तरी फासा पडतो आणि कळतं. तेवढंही तू काढून घेतलंस, दादा."

दादाने हातातला फासा खाली ठेवला. मग आत गेला आणि तक्ता घेऊन आला. फेकलेला नव्हता. राक्षसाचा वार त्याने उघड्यावर टाकला, आणि तो असा बसला की वीसच्या वीस. घाव तलवारीच्या हातावर. आता जखमेचा फासा मी टाकायचा होता, मी टाकला, आणि एक आला.

दादाचा हात फाशावर गेला. "बशीला लागला. परत टाक."

"नाही लागला," वकील हळूच म्हणाला. नियमाच्या बाबतीत तो सख्ख्या बापाला सोडणार नाही, आणि त्या क्षणी मला तो फार आवडला.

"मला नाही बघवत गं," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण मी मागे हटणाऱ्यांतली नाही.

"बघू नकोस, वाच. एक आला. पुढे काय लिहिलंयस?"

त्याने चष्मा पुसला आणि वाचलं. तलवारीचा हात गेल्यास दुसऱ्या हाताने लढावे. प्रत्येक वाराच्या आकड्यातून दोन वजा. कायमचे.

"बस्स? दोनच?"

"दोनच," तो म्हणाला. "मी फार विचार करून लिहिलं होतं."

दोन. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला आकडा सांगितला होता. तो माझ्या मनगटाचा नव्हता, एका कागदावरच्या बाईचा होता, हे मला कळत होतं. वेडी नाही मी. पण दोन कमी धरून जगता येतं, हेही कळत होतं. लहान फ्रेमा घ्यायच्या, वेळ जास्त लावायचा, रेघ दोनदा आखायची. आधी राक्षसावर वार बसायला फाशावर बारा लागत होते, आता चौदा लागतील. चौदा काही आभाळातून आणायचे नसतात.

"राक्षस अजून उभा आहे ना?" मी विचारलं.

"आहे."

"मग बश्या उचला. माझी खेळी आहे," मी म्हणाले आणि फासा डाव्या हातात घेतला.