रुखवतातली फटफटी

रुखवताला काही रीतभात असते. थर्माकोलचा बंगला, सुपारीचे नवरा-नवरी, लोकरीची बैलगाडी, झालंच तर आगकाड्यांचं तुळशीवृंदावन. नवरदेवाकडच्या बाया येतात, बोट लावून बघतात, नाकं मुरडतात आणि पंगतीला बसतात. मांजरसुंब्याच्या फाट्यावर धुळाजी मिस्त्रीचं गॅरेज आहे, त्याच्या मनिषानं मात्र स्वतःच्या लग्नात आख्खी फटफटी मांडली होती. फटफटी म्हणून नव्हे हां. हँडलची केली होती कपडे अडकवायची खुंटी. हेडलाइटचा दिवा, चेनच्या चक्राचं घड्याळ, सायलेन्सरची फुलदाणी, पुढच्या रिंगेत गोल आरसा. इंजिनावर काच ठेवून टीपॉय, आणि चासीचा चक्क झोपाळा. टाकीचं तोंड कापून त्यात मनीप्लँट लावला होता. भंगारात आलेल्या एका गाडीतून दीड वर्षात तिनं हे सगळं उभं केलं, तेही गॅरेज सांभाळून. धुळाजीची नजर ऑपरेशन करूनही गेली ती गेलीच, त्यामुळं पाना तिच्याच हातात होता.

आणि नेमका तोच आता सुटणार होता. सोयरीक ठरताना उमापूरच्या भगवानरावांनी, म्हणजे नवरदेवाच्या बापानं, भर बैठकीत सांगितलं होतं की आमच्या घरची सून ग्रीसमध्ये हात घालणार नाही. रुखवतात काय मांडायचं ते मांडा, पुढं बंद. भगवानराव दोनदा सरपंच झालेले. एकदा बोलले की गावाला ठराव झाल्यासारखं वाटायचं. पोरगा युवराज गुणाचा होता, मनिषाला आवडलाही होता, पण बापापुढं त्याचं तोंड उघडत नसे. तिनं मान हलवली. पान्यांची पेटी धुळाजीच्या हवाली करताना मात्र ती ढसाढसा रडली. जेवण सोडायला सांगितलं असतं तर ते तिनं एकवेळ सोडलं असतं.

असो. लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाड आलं, फेटे बांधून झाले आणि बाया रुखवत बघायला निघाल्या. पुढं होती विमलबाई. भगवानरावांचे धाकटे भाऊ आप्पाराव, त्यांची ही बायको, नवरीची होणारी चुलतसासू. बाईनं झोपाळ्याला नाक मुरडलं, घड्याळाला मुरडलं आणि टाकीपाशी येऊन थबकली. टाकीवर पेंटरनं रंगवलेली अक्षरं होती: 'सावकाश. विमल वाट बघते.' मनिषाला ती अक्षरं गोड वाटली म्हणून तिनं पुसली नव्हती. विमलबाईनं मनीप्लँट उपटून शेजारणीच्या हातात दिला, टाकी पोटाशी धरली आणि अशी बोंब ठोकली की पलीकडं भटारखान्यात आचाऱ्याच्या हातून झारा पडला.

गोष्ट अशी होती. दोन वर्षांपूर्वी आप्पाराव गेवराईच्या बाजाराला गाडीवर गेले आणि घरी जीपनं आले. गाडी चोरीला गेली म्हणाले. विमलबाईचा संशय गेला थेट शेजारच्या धर्मराजवर, कारण त्याच आठवड्यात त्यानं नवे बूट घेतले होते. आता बुटांचा आणि फटफटीचा काय संबंध? पण बाईला तो दिसला. तेव्हापासून दोन्ही घरांतलं हळदीकुंकू बंद, येणंजाणं बंद, आणि रोज सकाळी अंगण झाडताना धर्मराजच्या सात पिढ्यांचा उद्धार. तो बिचारा ते बूट घालायचंच विसरून गेला.

आणि आता गाडी सापडली होती, तीही होणाऱ्या व्याह्याच्या रुखवतात. चोर चोर म्हणत सगळं वऱ्हाड गोळा झालं. आप्पारावांनाही पुढं ढकललं. ते घसा साफ करून एवढंच म्हणाले की गाडी आपलीच दिसते.

आवाज कानावर पडला आणि धुळाजीनं मान वर केली. आंधळ्या माणसाचे कान तिखट असतात. त्यानं मनिषाला जवळ ओढलं.

"ह्योच माणूस गाडी ढकलीत आलता," तो कानात बोलला. "तवा मला दिसत व्हतं, पर तोंडाला गमजा गुंडाळलेला व्हता. नाव लिहू नका म्हनला. पर तू गप ऱ्हा, पोरी. आपुन मुलीकडचे हावोत."

मुलीकडच्यांनी मांडवात तोंड उघडायचं नाही ही आपल्याकडची रीत. लाथ मारली तरी पाय दुखला का म्हणून विचारायचं. धुळाजी हजार माणसांत हात जोडून उभा राहिला, लोक त्याला चोर म्हणत राहिले. मनिषाच्या अंगाची लाही लाही झाली. आयुष्यात दुसऱ्याचा एक नट ज्यानं खिशात घातला नाही, त्याच्यावर ही वेळ, आणि खरं बोलावं तर लग्न मोडणार.

भगवानरावांना तंटा दिसला की निवाडा दिल्याशिवाय राहवत नाही, मग तो स्वतःच्या घरचा का असेना. त्यांनी माइक मागवून घेतला. वधूपक्षानं गाडी होती तशी जोडून चालू करून द्यावी. झाली तर चोरी माफ, नाही झाली तर वऱ्हाड माघारी जाईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या देव जाणे. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की मिस्त्रीला तर दिसत नाही, गाडी जोडणार कोण? सगळ्यांनी नवरीकडं पाहिलं. भगवानरावांना आपली अट आठवली, त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि ठरावात दुरुस्ती केली.

"लगीन लागंपर्यंत ती तुमची पोरगी हाय," ते म्हणाले. "तवर तिनं काय धरायचं ते धरावं."

मनिषानं हळदीच्या साडीचा पदर खोचला आणि पेटी मागवली. नऊ महिन्यांच्या लेकरासारखं त्या पेटीला तिनं मांडीवर घेतलं, मग कामाला लागली. झोपाळ्याच्या दोऱ्या कापून चासी उभी केली, टीपॉयची काच काढून इंजिन चढवलं. आरसा रिंगेत असा घट्ट बसला होता की निघेना, तसंच चाक बसवलं. हँडल वळलं की पहिल्या रांगेतले पाहुणे त्यातून निघून जायचे आणि पुन्हा यायचे. घड्याळाच्या काट्यांसकट चक्र मागं लागलं. त्यात बारा वाजून दहा झाले होते आणि मुहूर्त होता साडेबाराचा. गुरुजींनी पंचांग चाळून सांगितलं की अडीचचा मुहूर्तही चांगला आहे, तोवर क्लच बसला तरी चालेल.

सायलेन्सर सापडेना. तेव्हा आमदारांच्या आगमनाची घोषणा थांबवून माइकवाल्यानं पुकारा केला की ज्या कुणी सायलेन्सर नेला असेल त्यांनी तो स्टेजपाशी आणून द्यावा, लग्न खोळंबलं आहे. डेकोरेशनवाल्यानं फुलदाणी समजून तो कमानीपाशी ठेवला होता. निशिगंधासकट तो आणून लावला. ज्यांनी तासाभरापूर्वी धुळाजीला चोर ठरवलं, तेच आता त्याला पाणी आणून देत होते आणि कार्बोरेटरबद्दल एकमेकांना अक्कल शिकवत होते.

युवराज कधी खाली येऊन बसला कुणाला कळलं नाही. त्यानं अंगावरचा जरीचा शेला पसरला आणि मनिषा मागेल तो नट त्यातून काढून द्यायला लागला. टाकीला तर तोंडच नव्हतं, म्हणून त्यानं पेट्रोलची बाटली सलाईनसारखी हात वर करून धरली. तिनं त्याच्याकडं बघितलं. हा आपल्याबरोबर आहे, हे तिला पहिल्यांदा कळलं आणि बरं वाटलं.

दोन वाजता गाडी स्टँडवर उभी राहिली. टायर नव्हते, पण किक होती. गाडीबरोबर आलेली किल्ली केव्हाच हरवली होती, तरी वायरी जोडून बिनकिल्लीची गाडी चालू करणं मनिषाच्या डाव्या हाताचा खेळ. फाट्यावर रोज तेच चालतं. पण ती उठली, थेट आप्पारावांसमोर गेली आणि मांडवाला ऐकू जाईल असं अगदी अदबीनं म्हणाली,

"काका, किल्ली द्या."

आप्पारावांनी डावा खिसा चाचपला. मग उजवा. मग आतला. चोरानं गाडी नेली तर किल्ली मालकाकडं राहते, हे मांडवातल्या लहान पोरालाही कळत होतं. टाकी गाडीवर चढल्यापासून विमलबाईनं मनीप्लँट पोटाशी धरला होता, तो तिनं खाली ठेवला.

"घरी ऱ्हायली आसंल तर सांगा, मी मानूस धाडते," ती म्हणाली. मग तिच्याच काहीतरी ध्यानात आलं. "गाडी गेली तवापासून घरात किल्ली म्या कंदीच बघितली न्हाई. कावून हो?"

आप्पारावांनी फेटा काढला. पन्नाशीचा, थोराड बांध्याचा माणूस. खुर्चीवर बसला आणि सांगून मोकळा झाला. उसाच्या ट्रॉलीला गाडी धडकली त्या दिवसापासून गाडीवर बसलं की हातपाय लटपटायचे. सरपंचाचा भाऊ गाडीला भितो असं कुणी म्हणू नये म्हणून भंगारात घातली आणि चोरी झाली सांगितलं.

"भ्या वाटत व्हतं, विमल," ते म्हणाले. "लई भ्या वाटत व्हतं."

कुणी हसलं नाही. विमलबाई आधी रडली, मग धर्मराजला फोन लावायला म्हणून बाहेर गेली. आणि भगवानराव? ते धुळाजीपुढं जाऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले. धुळाजीला ते दिसलं नाही. मनिषानंच बापाच्या कानात सांगितलं की मामंजींनी हात जोडलेत. धुळाजी गडबडून गेला आणि दुसऱ्याच दिशेला नमस्कार करायला लागला.

तेवढ्यात युवराजनं विचारलं की गाडी चालू करायची की नाही, त्याचा हात भरून आला होता. मनिषानं दोन वायरी जोडल्या आणि किक मारली. तिसऱ्या किकेला निशिगंधाची फुलं गुरुजींच्या अंगावर उडाली, मांडव धुरानं भरला आणि आरशात आख्खं वऱ्हाड थरथरायला लागलं. वाजंत्र्यांनी हाच इशारा समजून सनई धरली.

गुरुजी अंतरपाट घेऊन उभे राहिले. करवली तांब्या आणि साबण घेऊन धावली. मनिषानं तिला थांबवलं. कोपरापर्यंत काळे झालेले हात तिनं सासऱ्यापुढं धरले.

"मामंजी," तिनं विचारलं, "हे आता धुवायचे का?"

भगवानरावांनी त्या हातांकडं पाहिलं. मग खाली मान घालून बसलेल्या आपल्या भावाकडं, आणि चुकीच्या दिशेला नमस्कार करून अजून तशाच उभ्या असलेल्या व्याह्याकडं. माइक त्यांच्या हातातच होता, पण ते माइकवर बोलले नाहीत.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पेटी आपल्या गाडीत ठेवायला सांग."