वायफायच्या फाटकावर बाबा

सासरे निवृत्त झाले, पण त्यांच्यातला फाटकावरचा माणूस काही निवृत्त झाला नाही. उभा जन्म कारखान्याच्या दारात पहारा देण्यात गेलेला. त्यामुळे घरात कुणीही चप्पल घातली की खुर्चीतून प्रश्न ठरलेला, "कुठं? कशाला? परत कधी?" कोपऱ्यावरून भाजी आणायला निघालेल्या सुनेचीही त्यातून सुटका नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिला ते टोचायचं. आपण या घरच्या की पाहुण्या, असं वाटायचं.

त्या दिवशी मात्र तिला कुठं जायचंच नव्हतं. दुपारी तीनला लॅपटॉपसमोर बसून मुलाखत द्यायची होती. मुलगी झाली तेव्हा इमारतींचे नकाशे काढायची नोकरी सुटली, ती सुटलीच. आता मुलगी शाळेत जायला लागल्यावर कुठं एका ऑफिसनं बोलावलं होतं. ही संधी गेली तर पुन्हा आपल्याला कोण विचारणार, ही काळजी सकाळपासून तिच्या मागं लागली होती.

आणि दोनच्या सुमाराला लॅपटॉपनं दगा दिला. काही केल्या वायफायला जोडलाच जाईना. तिनं राउटर बंद करून चालू केला. पासवर्ड पुसून पुन्हा टाकला. लॅपटॉप पार राउटरच्या उशाशी नेऊन ठेवला. ढिम्म! मोबाइलची रेंज या घरात फक्त गॅलरीच्या कठड्याशी, तीही बोलण्यापुरती. तिथं उभं राहून तिनं नवऱ्याला फोन लावला.

"राउटर बंद करून चालू केलास का?" तो म्हणाला. जगातल्या सगळ्या नवऱ्यांना हे एकच औषध ठाऊक असतं.

"अगं, माझा टीव्हीसुद्धा सकाळपासून नुसता गोल गोल फिरतोय," सासूबाई आतून ओरडल्या. प्रिंटरनंही मौन धरलेलं. सासऱ्यांच्या फोनवर मात्र बातम्या खणखणीत चालू होत्या.

सगळ्यांचं बंद आणि एकाचंच चालू? तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"बाबा, जरा तुमचा फोन बघू."

नेट बसवायला माणूस आला तेव्हा घरात सासरे एकटेच होते, म्हणून राउटरचं अ‍ॅप त्यानं त्यांच्याच फोनवर टाकून दिलं होतं. कोणकोणतं यंत्र वायफायला जोडलंय ते त्यात दिसतं. तिनं उघडून पाहिलं. जोडलेला फक्त एक फोन, त्यांचा. बाकी सगळे 'रोखलेले'.

"बाबा, हे कुणी केलं?"

"मी," सासरे छाती पुढं काढून म्हणाले. "तूच नाही का परवा म्हणालीस, नेट हळू चालतंय, कुणीतरी चोरतंय, बाबा लक्ष ठेवा म्हणून? सकाळी बघतो तर सातआठ जण आत घुसलेले. ना नाव ना गाव, नुसती अक्षरं आणि आकडे. असल्यांना मी आत ठेवतो होय?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" सासूबाई म्हणाल्या. "त्यातला एक माझा टीव्ही होता हो!"

"आणि एक माझा लॅपटॉप," सून म्हणाली. आवाज नको तेवढा चढला. "तीनला मुलाखत आहे माझी!"

सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. "जन्मात कधी आपल्या माणसाला फाटकावर अडवलं नव्हतं मी," ते पुटपुटले. "आणि आज घरातच... तो फोन तूच ठेव बाई. मला आता हे जमायचं नाही."

तिचा राग कुठल्या कुठं गेला. लक्ष ठेवा म्हणून सांगितलं ते आपणच, तेही गमतीत. या माणसानं ते ड्युटी म्हणून केलं. तिला त्यांची एकदम माया आली. तिनं फोन त्यांच्याच हातात परत दिला.

"असा पहारा सोडून चालतो का? एकेकाला सोडा आत. पण ओळख पटवून."

मग तिघं कामाला लागली. एकाला सोडायचं आणि घरात कोण जागं होतंय ते बघायचं. पहिल्याला सोडताच बाहेरच्या खोलीत मालिकेतली कुणीतरी हंबरडा फोडून रडली. त्या यंत्राचं नाव सासऱ्यांनी टाकलं, 'आमच्या बाईसाहेब'. प्रिंटर घरघरला, तो झाला 'खोकणारे काका'. लॅपटॉपचा नंबर नेमका शेवटी लागला. तीनला पाचच मिनिटं उरली होती.

"याचं नाव मी सावकाश टाकतो. तू पळ!"

मुलाखत सुरू झाली. मध्येच दाराबाहेर दबका आवाज आला, "मिक्सर नाही लावायचा! आत मोठी माणसं बसलीत." तिला हसू फुटलं आणि अंगातली धडधडच गेली.

ती बाहेर आली तेव्हा सासरे दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. ताडकन उठले.

"घेतलं का आत?"

"सोमवारपासून या म्हणाले!"

त्यांनी फोन पुढं केला. यादीत तिच्या लॅपटॉपपुढं लिहिलं होतं, 'सूनबाई. घरची. विचारायचं नाही, सोडायचं.' वाचता वाचता तिचे डोळे भरून आले.

सोमवारी तिनं चप्पल घातली. खुर्चीतून आवाज नाही. सासरे उठले, त्यांनी दार उघडलं आणि स्वतःच्याच हुकमाप्रमाणे मुकाट्यानं बाजूला उभे राहिले. तिला ते अजिबात आवडलं नाही.

"बाबा, विचारा की."

"कुठं? कशाला? परत कधी?" एका दमात आलं.

"ऑफिसला, नकाशे काढायला, सहापर्यंत घरी," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.